सीपॅप आणि दुपारची झोप

स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन वापरणारे आम्ही बहुतेकजण सकाळी उठल्याउठल्या स्क्रीनवरचा एएचआय बघतो. झोपेत श्वास तासाला सरासरी किती वेळा अडला किंवा मंदावला, त्याचा हा आकडा. उपचार नीट लागू पडत असतील तर तो ५ च्या खाली राहावा, अशी अपेक्षा असते. माझा बरेच महिने २ च्या आसपास होता, मग पाचाच्या वर जाऊ लागला. रात्रीचं जेवण लवकर घेऊन पाहिलं, मास्कची गादी बदलली, कुशीवर झोपू लागलो. आकडा काही खाली येईना. मशीन पुरवणाऱ्या दुकानातल्या तंत्रज्ञाने सरासरी पाहिली आणि म्हणाला, "काका, प्रेशर वाढवू या."

माझ्या डॉक्टरांनी आधी एसडी कार्ड मागितलं. ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एकाच दिवसाचा आलेख उघडला. रात्र साडेसहा तासांची, घटना १३. म्हणजे तासाला २. त्याच तारखेखाली दुपारी अडीच ते साडेतीन असा आणखी एक पट्टा होता आणि त्या एका तासात २५ घटना. एकूण ३८, भागिले साडेसात तास: ५.१. रात्रीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. रेसमेडच्या मशीनचा दिवस दुपारी १२ ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला संपतो. मंगळवारी दुपारी दोनला घेतलेली झोप मंगळवारच्या रात्रीत मिळवली जाते; बुधवारी सकाळी अकराला डोळा लागला, तर तीही मंगळवारच्याच खात्यात जाते. म्हणून सकाळचा आकडा वाईट दिसला की आदल्या दुपारीही डोकवायला हवं. मुलांनी अमेरिकेहून आणलेलं मशीन असेल तर त्याचं घड्याळ आधी तपासा. ते तिथल्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर राहिलं, तर हिवाळ्यात आपल्या रात्री दीड वाजता मशीनचा दिवस बदलेल आणि एकाच रात्रीचे दोन तुकडे होतील.

माझ्या दुपारी बिघडायला कारणं दोन होती. मी आरामखुर्चीत झोपायचो. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की घसा दबतो, आणि घटना एकापाठोपाठ एक घोळक्याने येतात. आलेखात तो घोळका स्पष्ट दिसत होता. दुसरं कारण रॅम्पचं. झोप लागेपर्यंत त्रास होऊ नये म्हणून मशीन कमी प्रेशरवर सुरू होऊन हळूहळू चढतं. माझा रॅम्प ४५ मिनिटांचा होता. रात्रीच्या मानाने तेवढा वेळ किरकोळ, पण तासाभराच्या झोपेतला पाऊण तास अपुऱ्या प्रेशरवर जात होता. डॉक्टरांनी रॅम्प कमी केला, मला पलंगावर झोपायला सांगितलं आणि मूळ प्रेशरला हातही लावला नाही. आकडा उतरला.

तरीही छोट्या डुलकीच्या आकड्याने घाबरू नका. वीस मिनिटांत तीन घटना झाल्या तरी हिशेब तासाला ९ येतो, आणि त्यावरून काहीही ठरत नाही. शिवाय आपण जागे आहोत की झोपलो आहोत, हे मशीनला कळत नाही. मास्क लावून पेपर वाचत पडलात तर खोकला, कूस बदलणं, रोखून धरलेला श्वास यांचीही घटना म्हणून नोंद होऊ शकते. उलट नुसतं शांत पडून राहिलात तर तास वाढतात आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

ऑस्करमध्ये दुपारचं सत्र तात्पुरतं बंद करून फक्त रात्रीचा एएचआय पाहता येतो. कार्डावरचं काही पुसावं लागत नाही, आणि पुसूही नये. कार्ड मशीन थांबल्यावरच काढा आणि कॉम्प्युटरमध्ये घालण्याआधी त्याच्या कडेची लॉकची खिट्टी सरकवा.

आकडा खराब होतो म्हणून दुपारी मास्कच न लावणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून असं करू नका. श्वास दुपारच्या झोपेतही तसाच अडतो. मास्क लावूनच झोपा, वेळ वहीत टिपून ठेवा, आणि कोणी प्रेशर बदलायचं म्हणालं तर ती वही आणि कार्ड आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.