सशाचं पिल्लू सापडलं तर...



ज्वारीच्या काढणीत एखादं मूल रानसशाचं पिल्लू उचलून थेट वर्गात आणतं. "बाई, याला आई सोडून गेली!" त्याला रागावू नका, त्याची माया खरी आहे. पण आई सोडून गेलेली नसते. रानससा बीळ करत नाही. पिल्लं गवतात दडून बसतात. आई दिवसभर लांब राहते, अंधार पडला की दूध पाजायला येते. म्हणून पिल्लू जिथून आणलं तिथेच, लगेच ठेवून या. हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. गाईचं दूध पाजू नका. जखमी असेल तर महाराष्ट्र वन विभागाला १९२६ वर फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा पाळता येत नाही, हेही मुलांना सांगा.