शिक्षकाची अपेक्षा आणि शिष्याचे भवितव्य

‘याच्याकडून काही होणार नाही.’ हे वाक्य वर्गात बोलणारा ते सायंकाळपर्यंत विसरतो. ऐकणारे मूल मात्र वर्षानुवर्षे विसरत नाही. वाचकहो, इस्लामी इतिहासातील गुरुजनांनी आपल्या शिष्यांविषयी कोणती भाषा वापरली, ते पाहू या.

हजरत उमर (रजि.) आपल्या खिलाफतीच्या काळात बद्रच्या युद्धातील ज्येष्ठ सहाबांच्या बैठकीत तरुण अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बसवीत. या वयाची मुले आम्हालाही आहेत, असा आक्षेप घेण्यात आला. उमर (रजि.) यांनी वाद घातला नाही. एके दिवशी त्यांनी सर्वांसमक्ष सूरह नस्रचा अर्थ विचारला. काहींनी सांगितले, विजयानंतर अल्लाहची स्तुती व क्षमायाचना करण्याची ही आज्ञा आहे. काही मौन राहिले. इब्ने अब्बास (रजि.) म्हणाले, ही प्रेषित (स.) यांच्या निधनाची पूर्वसूचना आहे. मलाही हाच अर्थ ठाऊक आहे, असे उमर (रजि.) यांनी सांगितले. सहीह बुखारीतील हा प्रसंग आहे. विश्वास केवळ मनात असून भागत नाही. तो सिद्ध करण्याची संधीही शिष्याला द्यावी लागते.

मात्र अपेक्षेला त्यागाची जोड हवी. कूफा येथील गरीब विद्यार्थी याकूब पोटापाण्याच्या विवंचनेमुळे इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या अध्ययनमंडळात येईनासा झाला. चरित्रकार सांगतात, इमामांनी त्याची अनुपस्थिती हेरली, चौकशी केली, शंभर दिरहमांची थैली हाती ठेवली आणि ती संपण्यापूर्वीच पुन्हा मदत करीत राहिले. हाच याकूब पुढे इमाम अबू यूसुफ म्हणून ख्यातकीर्त झाला. हारून रशीदच्या काळी मुख्य काझी झाला आणि ‘किताबुल खराज’ हा ग्रंथ लिहिला.

अमेरिकेत रोझेन्थॉल व जेकबसन यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुले कोणत्याही गुणवत्तेविना निवडून, ती लवकरच प्रगती करतील असे शिक्षकांना सांगितले होते. वर्षअखेरीस त्यांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे बुद्धिमापनातील गुण इतरांपेक्षा अधिक वाढले. पुढील संशोधनांत हा परिणाम सहसा मर्यादित आढळला, हेही खरे. शब्दांत जादू नसते. ज्याच्याविषयी आशा असते त्याला शिक्षक अधिक शिकवतो, उत्तरासाठी अधिक वेळ देतो, चूक समजावून सांगतो. हा फरक मुलाला घडवतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या हजेरी घेताना गैरहजर नावापाशी क्षणभर थांबा. ते मूल का आले नाही, विचारा. मातापित्यांनो, आठवीनंतर मुलाला कामाला लावण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्याच्या शिक्षकांना एकदा भेटा. आपल्या स्वाधीन असलेल्यांविषयी प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, ही प्रेषितांची शिकवण आहे. वर्गातील सर्वांत मागे बसलेले मूलही आपल्या स्वाधीन आहे. ही अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.