धमनीतील थर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या

हृदयविकाराचे रुग्ण डॉक्टरांना हमखास विचारतात : या गोळ्यांनी धमनीतला थर विरघळतो का? आणि निरनिराळ्या गोळ्यांपैकी सरस कोणती?

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांच्या अस्तराखाली एलडीएल कोलेस्टेरॉल शिरते. तेथे दाह होऊन थर वाढतो. नळात बसलेल्या गाळासारखा हा थर नसतो. तो भिंतीतच असतो. त्याचे आवरण फाटले की रक्ताची गुठळी होते व झटका येतो.

स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतात. मग यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. थरावर त्याचा परिणाम किती, हे धमनीत बारीक नळी घालून ध्वनिलहरींनी मोजता येते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ महिन्यांत ४० मि.ग्रॅ. प्रॅव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा थर २.७ टक्क्यांनी वाढला, तर ८० मि.ग्रॅ. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा जवळजवळ होता तेवढाच राहिला. २०११ साली ८० मि.ग्रॅ. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व ४० मि.ग्रॅ. रोसुव्हास्टॅटिन यांची तुलना झाली. दोन वर्षांत धमनीतील थराचा वाटा पहिल्याने ०.९९, तर दुसऱ्याने १.२२ टक्क्यांनी घटला. हा फरक नगण्य ठरला. २०१६ साली स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्युमॅब हे इंजेक्शन दिले, तेव्हाही घट सुमारे एक टक्काच होती.

एवढ्याशा घटीसाठी रोज गोळी कशाला, असे वाटेल. पण खरा लाभ निराळा आहे. थरातील चरबी कमी होते, आवरण घट्ट होते व तो सहसा फाटत नाही. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले, की झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर विकारांचा धोका साधारण एक पंचमांशाने कमी होतो. म्हणजे गोळीच्या नावापेक्षा एलडीएल किती उतरले व किती काळ उतरलेले राहिले, याला महत्त्व अधिक.

म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला की गोळी बंद करणे ही मोठी चूक होय. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो! गोळी सोडल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वपदावर येते.

वरील मात्रा मोठ्या आहेत. त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. स्नायू फार दुखू लागले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणाचा विचार असल्यास आधी सल्ला घ्यावा. तंबाखू सोडणे, बेताचे तेल-तूप आणि रोजचे चालणे यांना मात्र कोणतीही गोळी पर्याय नाही.