अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि दह्याची वाटी

वस्तीत रक्तदाब तपासायला बसले की एक प्रश्न ठरलेला असतो : “सिस्टर, गोळ्या चालू आहेत, दही खाऊ का नको?” घरातली मोठी माणसे सांगतात, दही थंड, कफ होईल. दुकानदार सांगतो, साधे नको, प्रोबायोटिक दह्याचा कप न्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मावशींना दाताच्या दुखण्यावर अँटिबायोटिक दिले होते. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. मावशींनी गोळ्या बंद केल्या आणि धुणीभांड्याच्या पैशांतून रोज दोन महागडे कप आणू लागल्या. चार दिवसांत गाल पुन्हा सुजला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा खर्च, आणि कामाचे खाडे वेगळेच. मावशींची चूक नव्हती. त्यांना कुणी समजावून सांगितलेच नव्हते.

जुलाब का लागतात?

आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले बरेचसे उपयोगाचे. अँटिबायोटिक रोगाचे जिवाणू मारते, पण त्याबरोबर हे चांगलेही मरतात. घडी विस्कटते आणि पोट बिघडते. बहुतेकांचे गोळ्या संपल्यावर आपोआप थांबते.

दही आणि प्रोबायोटिक दही

घरच्या विरजणात दूध आंबवणारे जिवाणू असतातच. पण ते नेमके कोणते आणि किती, हे कुणी मोजलेले नसते. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा होतो असे दाखवलेला जिवंत जिवाणू. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिवाणूची नेमकी ओळख पटलेली हवी आणि तो सुरक्षित आहे का, हे तपासलेले हवे. त्यात एक महत्त्वाची तपासणी आहे : या जिवाणूत औषधाला दाद न देण्याचा गुण आहे का? कारण तो गुण आतड्यातल्या रोगजंतूंकडे गेला, तर पुढे औषधच चालणार नाही.

‘सुरक्षित’ हे कसे ठरवतात?

अँटिबायोटिक घेणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करतात. एका गटाला जिवाणू घातलेले दही, दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण तो जिवाणू नसलेले. कुणाला काय मिळाले, हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्यालाही. मग जुलाब, ताप, पोटदुखी यांची रोज नोंद ठेवतात. बीबी-१२ नावाच्या जिवाणूचे दही अँटिबायोटिक घेणाऱ्या, एरवी निरोगी प्रौढांना देऊन अमेरिकेत अशी चाचणी झाली. गंभीर त्रास दिसला नाही. पण माणसे थोडी होती आणि धडधाकट होती, हे विसरू नये.

फायद्याचे काय? लंडनच्या रुग्णालयांत १३५ वयस्क रुग्णांवर चाचणी झाली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक पेय घेणाऱ्यांत १०० पैकी १२ जणांना जुलाब लागले, न घेणाऱ्यांत ३४ जणांना. पण २०१३ साली ब्रिटनमधलीच २,९४१ वयस्क रुग्णांची मोठी चाचणी आली. तिथे प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या होत्या. दोन्ही गटांत जुलाबाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे प्रत्येक जिवाणू प्रत्येकाला उपयोगी पडतोच, असे नाही.

आणि नेदरलँड्समधले उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. स्वादुपिंडाच्या गंभीर आजाराच्या रुग्णांना नळीतून प्रोबायोटिक दिले. २००८ साली निकाल आला : प्रोबायोटिक मिळालेल्या १५२ पैकी २४ दगावले, न मिळालेल्या १४४ पैकी ९. म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकला की विचारा, सुरक्षित कुणासाठी? धडधाकट माणसाला जे पचते, ते अत्यवस्थ माणसाला घातक ठरू शकते.

घरी काय करावे?

० एरवी तब्येत बरी असेल आणि दूध-दही सोसत असेल, तर जेवणात वाटीभर ताजे घरचे दही किंवा ताक चालते. दह्याने जुलाब थांबतीलच, असे मात्र नाही. महाग कपासाठी उसनवारी करू नका.

० डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा काही गोळ्या दूध-दह्यासोबत घेऊ नयेत; दह्यातल्या कॅल्शियममुळे औषध नीट अंगी लागत नाही. गोळी सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला असेल, तर दही दुपारच्या जेवणात खा.

० कॅन्सरची औषधे चालू असलेले, अवयव बदललेले, स्टेरॉइड बराच काळ घेणारे आणि रुग्णालयात अत्यवस्थ असलेले रुग्ण, यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नका. भेटायला जाताना प्रेमाने कप नेऊ नका.

० जुलाब लागले तर आधी ओआरएस. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळते. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

० शौचातून रक्त, ताप, पोटात जोराची कळ, लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तर थांबू नका. जवळचे आरोग्य केंद्र किंवा सीपीआर गाठा. गोळ्या संपून काही आठवडे झाले असले, तरी “अँटिबायोटिक घेतले होते” हे सांगा.

० गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने सुरूही करू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

मावशींना आता हे माहीत आहे. पुढच्या वेळी गोळ्या मिळाल्या तेव्हा त्यांनी खिडकीवरच विचारले, “ही दह्याबरोबर चालते का? जुलाब लागले तर काय करू?” हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. तुम्हीही विचारा.