दुचाकीचा अपघात : कायदा आणि पहिला तास

सोलापूर हे महामार्गांच्या संगमावर वसलेले शहर आहे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा आणि धुळे, तुळजापूर या बाजूने येऊन विजयपूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथे एकत्र येतात. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर ही तीर्थक्षेत्रे जवळ असल्याने भाविकांची वर्दळ बारमाही असते. गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या याच रस्त्यांवर येतात. या सर्वांमधून वाट काढीत शेतकरी, शिक्षक व कामगार मोटारसायकलवरून ये-जा करीत असतात. धडक झाली तर त्यांच्याभोवती कसलेही कवच नसते.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर गेली होती व त्यांत मागे बसलेल्या १४ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता.

वेगाचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. रात्री दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली जवळ आल्यावरच दिसते. म्हणून अंधारात वेग कमी ठेवणे आणि ट्रॉलीमागे लाल परावर्तक लावणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराने, मग तो चालक असो वा मागे बसलेला, प्रमाणित हेल्मेट घालून त्याचा पट्टा बांधणे बंधनकारक आहे. चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. गिअर असलेली मोटारसायकल चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या सुधारणेने केली आहे. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींकडे शिक्षकांनी या दृष्टीने पाहिले पाहिजे.

विम्याबाबतही दक्षता हवी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा घ्यावा लागतो. ही मुदत संपल्यावर नूतनीकरण करण्याचे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. विमा नसलेल्या वाहनाने कोणी दगावल्यास भरपाईचा बोजा थेट मालकावर पडतो आणि त्यापायी जमीन विकण्याची वेळ येऊ शकते.

पहिला तास

दुखापतीनंतरच्या पहिल्या तासास कायद्याने ‘सुवर्ण तास’ मानले आहे. या तासात योग्य उपचार मिळाल्यास जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. अपघातस्थळी प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्यावा आणि दुचाकीचे इंजिन बंद करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. गावाचे नाव, रस्ता आणि जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा सांगितल्यास रुग्णवाहिका लवकर पोहोचते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मानेस धक्का लागू देऊ नये. श्वासास अडथळा नसल्यास हेल्मेट ओढून काढू नये. जखमीस पाणी अथवा चहा पाजणे धोक्याचे असते.

अपघातातील चालकाने पळून जाऊ नये. जखमीस उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, खबर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. जमाव हिंसक झाल्यास कायदा त्याची अडचण मान्य करतो. मात्र त्याने तेथून थेट नजीकचे पोलीस ठाणे गाठावे.

मदत करणाऱ्यास संरक्षण

“पोलिसांच्या चौकशीत अडकू” या भीतीने लोक जखमीभोवती नुसते उभे राहतात. ही भीती आता निराधार आहे. २०१९ च्या सुधारणेने घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने आणि मोबदल्याविना मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याला नाव व पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही, हे तो स्वतः ठरवितो. शिवाय २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपये मर्यादेचे रोखरहित उपचार मिळू शकतात.

भरपाई

मृताच्या वारसांना अथवा जखमीस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जदार राहतो त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणातही तो दाखल होतो. प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, वैद्यकीय कागदपत्रे व उत्पन्नाचा पुरावा जपून ठेवावा आणि अर्जास विलंब करू नये. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरी, १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. या अर्जाची चौकशी तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडे सोपविलेली आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

ग्रामपंचायतीचे कार्य

दुःखात बुडालेल्या कुटुंबास ही माहिती आपोआप मिळत नाही. कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन ती द्यावी लागते. ग्रामसेवक, सरपंच आणि शिक्षक यांच्याइतके ते काम दुसरे कोणी करू शकणार नाही. गाळप हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, गावातील प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक लागले आहेत याची खात्री करावी आणि १०८ व ११२ हे क्रमांक चावडी व शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत. यासाठी स्वतंत्र निधीची वाट पाहण्याची गरज नाही.