लिनक्स टाकताना ‘प्रोसेसर जुळत नाही’ असं आलं तर



शाळेत दान म्हणून आलेला किंवा घरी पडून असलेला जुना संगणक विंडोजवर फारच रेंगाळतो, म्हणून आपण त्यात लिनक्स टाकायला घेतो. पेनड्राइव्ह लावला, संगणक सुरू केला, की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज येतो: या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, इथे आय६८६ सापडला. गाडी तिथेच अडते. बरेच जण ‘संगणक गेला’ म्हणून तो भंगारात काढतात. संगणक धड आहे हो! आपण आणलेली फाइल त्याच्या मापाची नाही, एवढंच.

दर्यापूरकरांना हे शकुंतलेवरून लगेच समजेल. बनोसा स्टेशनातला रूळ ७६२ मिलिमीटरचा, तर मूर्तिजापूरला भेटणारा मुंबई–हावडा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. ब्रॉडगेजचा डबा कितीही नवा असो, शकुंतलेच्या रुळावर चढणार नाही. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट लिनक्स तसंच चढत नाही. उलट मात्र चालतं: ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट प्रणाली बसते. रुळाला ही सोय नाही.

आणि घोळ होतो तो या सोयीमुळेच. विंडोज ७ मध्ये ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ दिसलं, की आपण प्रोसेसरही ३२-बिट धरतो. ती माहिती विंडोजची आहे, प्रोसेसरची नाही. कोअर २ ड्युओ ६४-बिट आहे, तरी त्यावर ३२-बिट विंडोज टाकलेलं सर्रास सापडतं. विंडोज १० असेल तर ‘सिस्टिम टाइप’समोर ‘एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ लिहिलंय का ते बघा. नाहीतर ३२-बिट लिनक्स पेनड्राइव्हवरूनच, इन्स्टॉल न करता चालवा. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही इंग्रजी लहान अक्षरं सलग टाइप करा. ‘ऑप-मोड’च्या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही आले, तर ६४-बिट फाइल बिनधास्त घ्या.

फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ दिसलं म्हणून इंटेलवाल्यांनी घाबरू नये. ही रचना २००३ साली एएमडीने बाजारात आणली, म्हणून ते नाव. इंटेललाही तीच चालते. ‘एआरएम६४’ मात्र वेगळी, ती रास्पबेरी पायसारख्या बोर्डांसाठी.

प्रोसेसर खरंच ३२-बिट निघाला (जुन्या नेटबुकमधला ॲटम एन२७०, समजा) तर पर्याय कमी आहेत. उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉपची फाइल २०१७ मध्ये, १७.१० पासून बंद केली. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ लाही ३२-बिट इन्स्टॉलर नाही. म्हणून डेबियन १२ ची ‘आय३८६’ फाइल घ्या आणि डेस्कटॉप एलएक्सक्यूटीसारखा हलका निवडा.

हाच मेसेज व्हर्च्युअलबॉक्समध्ये आला, तर आधी तिथे ६४-बिट प्रकार निवडलाय का ते तपासा. तो पर्यायच दिसत नसेल, तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा.

लॅबमध्ये आठ-दहा संगणक असतील, तर तपासलेल्या प्रत्येक कॅबिनेटवर मार्करने ३२ किंवा ६४ लिहा. पेनड्राइव्हवरही तेच लिहा. सातवीची पोरं पुढचं काम स्वतः करतात.