परदेशी कामाला निघालेल्या भाच्यांना मामाचा कानमंत्र

पोरांनो, रिसोड-मालेगावातून थेट जर्मनीची नाहीतर दुबईची स्वप्नं पाहता, याचा मला आनंदच आहे. पण तिकिटाची एवढी घाई नको, आधी इथं बसा.

१. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, म्हणून लगेच बॅग भरू नका — करार सरकारांचा असतो, नोकरी ज्याची त्यानं मिळवायची असते.

२. जर्मन भाषा इथूनच शिकून जा. नर्सिंगवाल्या भाचीबाईंनी तर बी-२ पातळीचा ध्यास धरायचा — जीभ अडली की हातचं कसब उपाशी.

३. आपलं प्रमाणपत्र तिकडं जसंच्या तसं चालत नाही. अभ्यासक्रम ताडून मग मान्यता देतात. तोवर नर्सलासुद्धा मदतनीस म्हणून, कमी पगारावर राबावं लागतं — घरचा हिशेब त्याच पगारावर मांडा. शिकलेली माणसं इथंच खचतात. तुमच्या हुशारीत काही खोट नाही, कागद अजून वाटेत आहे, एवढंच.

४. सनद, आधार आणि पासपोर्टावर नावाचं स्पेलिंग एकच हवं — एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी असलं की फाईल महिनोन् महिने अडते.

५. आखातात जाणाऱ्यानं एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः पाहावा. सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, याच्या वर मागणाऱ्याला हात जोडा — सोयाबीनचं वावर गहाण पडलं, तर पहिली दोन वर्षं सावकारासाठीच राबाल.

६. व्हिजिट व्हिसावर कामाला मुळीच जाऊ नका — पगार बुडाला तर दाद मागायला जागा उरत नाही.

७. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर सहसा ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामासाठी तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो. आखातासह १८ देशांत कामाला जायला त्याला सरकारी मंजुरी लागते. ती घ्याच — तिच्यासोबतच १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा होतो.

८. जर्मनीत पहिले सहा महिने बहुधा पारखण्याचे असतात. वेळेच्या आधी पोचा, न समजलेलं तिथंच विचारा — नुसती मान डोलावलेली चूक पुढं महागात पडते.

९. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवू नका. अडचण आली तर आधी भारतीय दूतावास गाठा, किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका — शरमेनं गप्प राहिलात, तर इथून आम्ही काय करणार?

निघण्याआधी नोकरीच्या कराराची एक झेरॉक्स आईजवळ द्या, आणि रविवारी फोन करत जा रे.